पहिल्या धारेचा गैरसमज

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बाह्यरुग्ण विभागात नेहमीची गर्दी होती. चाळिशीतला एक रिक्षाचालक बायकोबरोबर आला होता. यकृताला सूज होती आणि रक्ततपासणीचे आकडे वाढलेले होते. दारू बंद करावी लागेल, असे सांगितल्यावर त्याने मान डोलावली आणि हळूच विचारले, "मॅडम, देशी सोडतो मी. पण रम चालेल ना? ती उसाची असते."

बायको लगेच म्हणाली, "ह्यांचे एक मित्र तर घरगुतीच घेतात. गुळाची. त्यात केमिकल नसतं म्हणतात. पहिल्या धारेची असते."

रांगेत मागे तीस जण उभे होते. त्यामुळे तेव्हा मी त्यांना दोन वाक्यांत उत्तर दिले. पण मुंबईच्या उपनगरांत सरकारी रुग्णालयात पंचवीसएक वर्षे काम करताना हे दोन्ही प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की त्यांचे नीट उत्तर द्यायला हवे असे वाटले. उसापासून रम कशी तयार होते हे समजले की दोन गोष्टी स्पष्ट होतात. देशी आणि रम यांत शरीराच्या दृष्टीने किती फरक आहे, ही पहिली. मालवणी किंवा विक्रोळीसारख्या प्रकरणांत माणसे कशाने मरतात, ही दुसरी.

साखर काढल्यावर उरते ती मळी

रमची सुरुवात साखर कारखान्यात होते. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जाणारा प्रवरानगरचा कारखाना १९५०च्या सुमारास उभा राहिला. त्यानंतर नगर, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर असा सहकाराचा पट्टा वाढला आणि अनेक कारखान्यांच्या शेजारी आसवनी, म्हणजे डिस्टिलरीही आली.

कारखान्यात ऊस गाळला जातो. चिपाड बाजूला होते, ते बॉयलरमध्ये जळते. रसात चुना घालून तो स्वच्छ करतात, आटवतात आणि त्या पाकातून साखरेचे दाणे धरतात. दाणे वेगळे काढले की मागे काळा, चिकट, उग्र वासाचा द्रव राहतो. हीच मळी. पुन्हा पुन्हा उकळूनही तिच्यातून आणखी साखर काढणे परवडत नाही, पण तिच्यात साधारण निम्मी साखरच असते.

गुऱ्हाळात गूळ करताना मिळणारी काकवी ती ही नव्हे. काकवी म्हणजे आटवलेला रस. भाकरीबरोबर आपण खातो ती. मळी म्हणजे कारखान्याचा उरलेला माल.

एक टन उसातून साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर आणि चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी मिळते. एक टन मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर अल्कोहोल तयार होते. म्हणजे एक टन उसाची साखर काढून झाल्यावरही उरलेल्या मळीतून सुमारे दहा लिटर अल्कोहोल मिळते. त्यात पाणी मिसळून रमच्या तीव्रतेवर आणले, तर साधारण तीस बाटल्या होतात. रम स्वस्त का पडते, हे यावरून कळेल. सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर रम जन्माला आली, त्यामागचे कारणही हेच. साखरेच्या मळ्यांवर गुलामांकडून काम करून घेतले जात होते आणि साखरेनंतर उरलेल्या मळीचे करायचे काय, हा प्रश्न होता.

आज महाराष्ट्रातल्या अल्कोहोलचा मोठा वाटा पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो. अंधेरीच्या पंपावर गाडीत भरतो त्या पेट्रोलमध्ये उसाचा अंश असतो. २०२० मध्ये सॅनिटायझरची टंचाई झाली, तेव्हा याच आसवन्यांनी ते बनवून दिले. रेणू एकच, इथेनॉल. शाळेत आपण त्याला इथाइल अल्कोहोल म्हणायचो.

यीस्टचे काम

मळी इतकी दाट असते की तिच्यात कोणताही सूक्ष्मजीव धड जगू शकत नाही. म्हणून तिच्यात पाणी घालून ती पातळ करतात, थोडी आम्लधर्मी करतात आणि यीस्ट सोडतात. पाव फुगवणारे यीस्ट याच जातीचे. तापमान तीस-बत्तीस अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. जास्त तापले तर यीस्ट मरते, म्हणून टाक्या थंड ठेवाव्या लागतात.

यीस्ट आधी साखरेचा रेणू फोडते, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळते. मग त्यांचे इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड होते. टाकीवर फेस येतो, बुडबुडे फुटतात आणि आंबट-गोड वास पसरतो. एक ते दीड दिवसात काम संपते. तयार झालेल्या द्रवात सात ते दहा टक्के अल्कोहोल असते. ते फार वाढले की यीस्ट स्वतःच त्यात मरू लागते. ज्या द्रव्याने यीस्टसारखा चिवट जीव मरतो, त्याच द्रव्याचे घोट आपण घेतो, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

हातभट्टीतही तत्त्व हेच. गोराई-मनोरीकडे खाडीकाठच्या तिवरांत पोलीस अधूनमधून ज्या भट्ट्या उद्ध्वस्त करतात, तिथे मळीऐवजी काळा गूळ आणि जोडीला नवसागर असतो. टाक्यांऐवजी पिंपे असतात. स्वच्छता नसते, मोजमाप नसते, तापमानावर ताबा नसतो. पण गुळाच्या साखरेचेही यीस्ट इथेनॉलच करते.

धार कशी पडते

सात-आठ टक्क्यांचा द्रव तीव्र करायचा, तर त्याचे ऊर्ध्वपातन करावे लागते. इथेनॉल ७८ अंशांना उकळते आणि पाणी १००ला. मिश्रण तापवले की वाफेत अल्कोहोलचे प्रमाण जास्त असते. ती वाफ थंड करून गोळा केली की तीव्र दारू मिळते. आसवनीत उंच स्तंभ असतात, त्यांत एकावर एक तबकड्या असतात आणि प्रत्येक तबकडीवर ही क्रिया पुन्हा होते. वरून सुमारे ९५ टक्के शुद्धतेचे स्पिरिट निघते. खाली उरतो तो तपकिरी, दुर्गंधीयुक्त स्पेंट वॉश, एका लिटर स्पिरिटमागे दहाबारा लिटर. प्रक्रिया न करता तो ओढ्यात सोडला तर मासे मरतात. आसवनीजवळच्या गावांना हे वेगळे सांगायला नको.

भट्टीवर मात्र एकच भांडे असते, त्यामुळे धार जशी पडेल तसा तिचा गुण बदलतो. सुरुवातीला लवकर उकळणारे पदार्थ येतात. त्यांत अ‍ॅसिटाल्डिहाइड असते, नेलपॉलिश रिमूव्हरसारख्या वासाचे इथाइल अ‍ॅसिटेट असते. मधल्या धारेत मुख्यतः इथेनॉल आणि पाणी. शेवटी जड, तेलकट, उग्र पदार्थ. जाणता कारागीर सुरुवातीचा आणि शेवटचा भाग वेगळा काढतो आणि मधला ठेवतो. आपल्याकडे मात्र 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल, असा वाक्प्रचारच झाला आहे. पहिली धार सर्वांत तीव्र असते, एवढाच त्याचा खरा अर्थ. शुद्धतेशी त्याचा संबंध नाही.

देशी, रम, व्हिस्की

त्या ९५ टक्के स्पिरिटचे पुढे काय होते? आणखी शुद्ध करून त्यापासून जवळपास वास-चव नसलेले अल्कोहोल बनवतात. त्यात काही काळ लाकडी पिंपात मुरवलेले मळीचे स्पिरिट, करपवलेल्या साखरेचा रंग, थोडा स्वाद आणि पाणी घातले की गडद रम होते. रमचा काळसर रंग बराचसा त्या कॅरॅमलचा असतो, तो 'ताकदीचा' नसतो. बाटलीवर ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. ब्रिटिशांच्या जुन्या 'प्रूफ' मोजमापातला हा ७५ अंश.

महाराष्ट्रातली परवान्याची देशी दारूही बहुतांशी मळीच्याच स्पिरिटपासून होते. भारतातल्या अनेक स्वस्त व्हिस्कींतही मळीचे स्पिरिट असते. तेव्हा देशी सोडून रम घेणे म्हणजे एकाच नळाचे पाणी वेगळ्या पेल्यात घेणे. रिक्षाचालकाच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. उसातली साखर यीस्टने खाल्लेली असते, लोह आणि इतर क्षार स्पेंट वॉशबरोबर गेलेले असतात. बाटलीत उसाचे उरते ते इथेनॉल. यकृताला त्याची जात विचारता येत नाही.

हिशोब सोपा आहे. साठ मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. एका क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. रोज एक क्वार्टर याप्रमाणे काही वर्षे गेली की यकृतात चरबी, मग सूज, मग सिरोसिस या वाटेने जाण्याचा धोका खूप वाढतो. प्रत्येक जण शेवटपर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि प्रत्येकाच्या बाबतीत वेगही वेगळा असतो. शिवाय तोंड, अन्ननलिका, यकृत, आतडे आणि स्त्रियांत स्तन यांच्या कर्करोगाशी अल्कोहोलचा संबंध सिद्ध झालेला आहे.

मग मालवणीत काय झाले?

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत लक्ष्मीनगर वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. त्याआधी २००४च्या डिसेंबरमध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक. बहुतेक जण हातावर पोट असलेले. मालवणीच्या खटल्याचा निकाल २०२४ मध्ये लागला. सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले आणि बाकीचे दहा जण सुटले.

अशा प्रत्येक घटनेनंतर वॉर्डमध्ये नातेवाईक म्हणतात, "भट्टी बिघडली असेल." किंवा, "पहिली धार टाकली नसेल." त्यामागे एक समजूत असते. दारू चुकीची गाळली की तिच्यात विष तयार होते आणि आपला ओळखीचा भट्टीवाला नीट गाळतो, म्हणून आपण सुरक्षित. ही समजूतच घातक आहे.

या मृत्यूंना कारण असते मिथेनॉल, म्हणजे मिथाइल अल्कोहोल. आंबवताना मिथेनॉल तयार होते ते मुख्यतः पेक्टिनपासून. फळांच्या सालीत आणि गरात पेक्टिन असते, जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळे. गुळात आणि मळीत पेक्टिन नगण्य असते. म्हणून उसाच्या दारूत नैसर्गिकपणे तयार होणारे मिथेनॉल अत्यल्प असते. भट्टी कितीही गलिच्छ असली, धार कितीही चुकीची धरली, तरी गुळापासून एका रात्रीत शंभर माणसे मारण्याइतके मिथेनॉल निर्माण होत नाही.

ते बाहेरून ओतलेले असते. मिथेनॉल कारखान्यांत नैसर्गिक वायू किंवा कोळशापासून बनते. रंग, थिनर, प्लायवूडचा गोंद, औषधनिर्मिती अशा असंख्य उद्योगांना ते लागते. ते टँकरने येते आणि पिंपांतून पुढे जाते. भट्टी लावायची तर गूळ आणायचा, दिवसेंदिवस आंबवायचा, धूर होतो, वास येतो, धाड पडते. चोरलेल्या मिथेनॉलचे एक पिंप मिळाले, तर पाणी घातले की 'माल' तयार. दिसायला पाण्यासारखे, वास दारूसारखा, थोडी नशाही येते. हे पिंप तीनचार हातांतून गुत्त्यापर्यंत पोहोचते, तेव्हा विकणाऱ्यालाही आत काय आहे हे माहीत असेलच असे नाही. म्हणून ओळखीचा विक्रेता ही हमी नव्हे.

काही जण म्हणतात, काडी लावून पाहावी, निळी ज्योत आली की चांगली. मिथेनॉलही फिक्या निळ्या ज्योतीनेच जळते. एकदा ते मिसळले की पहिली धार टाकूनही दारू सुरक्षित होत नाही, कारण पाण्या-अल्कोहोलच्या मिश्रणातून मिथेनॉल सगळेच्या सगळे आधी बाहेर पडत नाही. नाकाने, जिभेने किंवा काडीने ते ओळखता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

डोळ्यांपुढचे धुके

इथेनॉल आणि मिथेनॉल यांत फरक एका कार्बन अणूचा. यकृतातले तेच विकर दोघांवरही काम करते. इथेनॉलपासून अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि पुढे व्हिनेगरमधले अ‍ॅसिटिक आम्ल होते, ते शरीर वापरून टाकते. मिथेनॉलपासून आधी फॉर्माल्डिहाइड होते, शवागारातल्या फॉर्मलिनमध्ये असते तेच. पुढे फॉर्मिक आम्ल होते, मुंगीच्या दंशात असते ते. हे आम्ल शरीरातून हळू बाहेर पडते आणि साचत जाते. त्याने रक्त आम्लधर्मी होते आणि पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो. सर्वांत आधी मार बसतो तो डोळ्यांच्या नसेला आणि मेंदूच्या आतल्या काही भागांना. शुद्ध मिथेनॉलचे दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे, दृष्टी घालवू शकतात. तीस मिलिलिटर प्राणघातक ठरू शकते.

विष तयार व्हायला वेळ लागतो, आणि घोटाळा इथेच होतो. पिणारा रात्री घरी येतो, झोपतो. त्रास सुरू होतो तो बारा ते चोवीस तासांनी. सोबत साधी दारूही घेतली असेल तर आणखी उशिरा. पोटात दुखते, उलट्या होतात, डोके दुखते, धाप लागते आणि डोळ्यांपुढे धुके येते. घरचे म्हणतात, "अजून उतरली नाही." लिंबूपाणी देतात आणि झोपवतात.

काही वर्षांपूर्वी एका बाईंनी नवऱ्याला दुपारी आमच्याकडे आणले. मी विचारले, कधीपासून त्रास होतोय? त्या म्हणाल्या, "सकाळी नऊला ऊन आलं होतं घरात, आणि हे म्हणतात, लाइट का घालवलीस?" ते चार-पाच तास आम्हाला हवे होते. त्या गृहस्थांचा जीव वाचला, पण दृष्टी परत आली नाही.

वेळेत रुग्ण आला तर उपचार आहेत. रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी सोडा बायकार्बोनेट, विष काढण्यासाठी डायालिसिस आणि यकृतातले ते विकर अडवण्यासाठी फोमेपिझोल हे औषध. ते नसेल तेथे चक्क इथेनॉल देतात. विकर मिथेनॉलपेक्षा इथेनॉलला कितीतरी आधी पकडते, तोवर मिथेनॉल न बदलता बाहेर काढता येते. मळीपासून निघणारा तोच रेणू येथे उतारा म्हणून वापरला जातो. पण हे मोजून, रक्त तपासत, रुग्णालयातच करायचे असते. घरी रम पाजण्याचा प्रयोग कृपया करू नये. बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत ती जाऊन तो तिथेच दगावू शकतो.

एवढे लक्षात ठेवा

दारू प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले, उजेड सहन होईना किंवा धाप लागली, तर तो उतारा नसतो. १०८ला फोन करा किंवा डायालिसिसची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट न्या. काय, कुठे आणि किती वाजता प्यायले, हे खरे सांगा. पिशवी किंवा बाटली उरली असेल तर सोबत आणा. ज्यांनी एकत्र बसून घेतली, त्या सगळ्यांना बोलवा, त्यांना अजून काही होत नसले तरीही. पोलिसांच्या भीतीने अनेक जण उशीर करतात. अशा वेळी पोलिसांना कळवणे आम्हा डॉक्टरांचे काम आहे, पण उपचार त्यासाठी थांबत नाहीत.

सर्दी-पडशावर मुलांना चमचाभर रम देण्याची सवय अजून अनेक घरांत आहे. रमने ऊब वाटते, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. प्रत्यक्षात शरीराची उष्णता त्यातून बाहेर जाते. लहान मुलांच्या रक्तातली साखर त्याने धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. सर्दीवर तिचा काही उपयोग नाही.

सॅनिटायझर, थिनर, स्पिरिट हे दारूला पर्याय नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू न मिळाल्याने यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत काही जण सॅनिटायझर प्यायले आणि जिवाला मुकले.

आणि शेवटचे. जे रोज भरपूर पितात, त्यांनी एका दिवसात स्वतःहून दारू तोडू नये. हात थरथरणे, फिट येणे, भ्रम होणे असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने ती सुटते. सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात ही सोय असते.

तो रिक्षाचालक आम्ही त्याच मार्गाने नेला. दीड महिन्याने दोघे परत आले, तेव्हा त्याची रम आणि देशी दोन्ही बंद होती, असे त्याची बायको म्हणाली. रक्ताचा अहवालही तेच सांगत होता. 'घरगुती' घेणारा मित्र मात्र अजून आलेला नाही. मी तिला एका कागदावर १०८ आणि खाली 'अंधुक दिसले तर लगेच' एवढेच लिहून दिले आणि तो कागद त्या मित्राच्या बायकोला द्यायला सांगितले.